मंगळवारचा पिचर

हूवरच्या कॉलेज बेसबॉल स्पर्धेला काही अर्थ नाही असं दर मे महिन्यात कोणीतरी मला ठासून सांगतंच. सांगणारे अडाणी नसतात, बेसबॉल कोळून प्यालेले असतात, आणि त्यांचा हिशोब कागदावर बरोबरही असतो. पण मला ही स्पर्धा मनापासून आवडते आणि का आवडते ते एकदा नीट लिहायचं कधीचं डोक्यात होतं, तर आज बसलेच आहे लिहायला.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकेत कॉलेजच्या टीम वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेल्या असतात, आणि बेसबॉलमध्ये आमच्या दक्षिणेकडची सगळ्यात तगडी कॉन्फरन्स म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, एसईसी म्हणतात सगळे. १९३२ ला स्थापन झालेली, ऑफिस इथेच बर्मिंगहॅममध्ये, आणि २०२४ च्या जुलैत टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यापासून एकूण १६ युनिव्हर्सिट्या. फेब्रुवारीत सीझन सुरू होतो, मार्चपासून दहा वीकेंड, प्रत्येक वीकेंडला एकाच टीमशी तीन मॅच, बहुतेक शुक्र-शनि-रवि, अशा कॉन्फरन्सच्या ३० मॅच होतात आणि मग मे संपता संपता सगळा लवाजमा अलाबामातल्या हूवर गावात येतो. पहिली स्पर्धा १९७७ ला मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला झाली होती, मग बरीच वर्षं ती इकडे तिकडे फिरली, पण १९९८ पासून हूवर ते हूवरच, २०२० चं कोविडचं वर्ष सोडलं तर.

हूवर म्हणजे बर्मिंगहॅमला दक्षिणेकडून चिकटलेलं उपनगर. टेकड्या, झाडी, शाळा चांगल्या म्हणून आपले लोकही बरेच, शेजारच्या पेलमला मंदिर आहे तिथे गणपतीत सगळे भेटतात. स्टेडियमचं पूर्ण नाव हूवर मेट्रोपॉलिटन स्टेडियम, पण त्याला द मेट म्हणायची पद्धत. १९८८ ला हे बर्मिंगहॅम बॅरन्स नावाच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालची व्यावसायिक लीग) टीमसाठी बांधलं आणि १९९४ मध्ये मायकल जॉर्डन बास्केटबॉल सोडून इथेच बेसबॉल खेळायला आला होता, १२७ मॅच खेळला, बॅटिंग अॅव्हरेज .२०२, म्हणजे पाच खेपांना जेमतेम एक हिट. बॅरन्स २०१३ ला डाउनटाउनच्या नव्या मैदानावर गेले, तेव्हापासून हे एवढं मोठं स्टेडियम वर्षभर तसं शांतच असतं आणि त्या एका आठवड्यात मात्र पार्किंगमध्ये लुइझियाना, मिसिसिपी, टेनेसी, अर्कान्साच्या आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशा गाड्यांची वस्तीच उभी राहते. तंबू, ग्रिल, खुर्च्या, पोरं टेनिस बॉल फेकतायत, आजोबा लोक रेडिओ लावून बसलेत.

आता, अर्थ नाही म्हणणाऱ्यांचा हिशोब काय असतो? हूवर जिंकणाऱ्याला नॅशनल स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. पण नॅशनलला ६४ टीम घेतात आणि एसईसीच्या टीम एवढ्या जबरदस्त की तशाही ढिगाने निवडल्या जातात, २०२५ ला १६ पैकी १३ गेल्या. मग थेट प्रवेशाचं कौतुक कोणाला. त्यात हूवर जिंकून पुढे काही होईलच असंही नाही. २०२५ ची फायनल व्हँडरबिल्टने ओल मिस, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीविरुद्ध ३-२ अशी जिंकली, दुसऱ्या दिवशी त्यांना देशात पहिलं मानांकन मिळालं, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी स्वतःच्या घरच्या मैदानावर, नॅशव्हिलमध्ये, पहिल्याच टप्प्यात ते बाहेर पडले. तिकडे एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, जी हूवरमध्ये फायनललाही पोचली नव्हती, ती जूनमध्ये नॅशनलच्या शेवटच्या टप्प्याला, ओमाहाला जाऊन नॅशनल चॅम्पियन झाली.

२०२२ ची गोष्ट तर याहून मोठी. ओल मिसचा कॉन्फरन्समधला रेकॉर्ड १४ विजय १६ पराभव, हूवरला मंगळवारी पहिल्याच मॅचमध्ये व्हँडरबिल्टकडून ३-१ हरले आणि सामान गुंडाळून घरी गेले. नॅशनलच्या ६४ मध्ये ते बसतील की नाही याचीच खात्री नव्हती, अगदी शेवटच्या जागेवर त्यांना घेतलं. आणि तीच टीम पुढे सगळ्यांना हरवत ओमाहाला गेली आणि कप घेऊन आली. तिथे अर्कान्साविरुद्ध डिलन डेलुसिया या त्यांच्या पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, मॅचच्या नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या आणि एकही रन दिला नाही, २-० जिंकवली मॅच. हा पोरगा छोट्या ज्युनियर कॉलेजातून आलेला आणि सीझनच्या सुरुवातीला शुक्रवारचा पिचरसुद्धा नव्हता.

हे शुक्रवारचं प्रकरण कळल्याशिवाय हूवर कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

कॉलेज बेसबॉलमध्ये तुमचा सगळ्यात भारी पिचर शुक्रवारी टाकतो, दोन नंबरचा शनिवारी, तीन नंबरचा रविवारी. मग हे तिघं आठवडाभर हात सांभाळतात आणि पुढच्या वीकेंडला परत उभे राहतात. मधे मंगळवारी वगैरे जवळपासच्या छोट्या कॉलेजशी मॅच असते, तिथे चौथा, पाचवा, पहिल्या वर्षाचा, दुखापतीतून परत येणारा, असे उरलेले पिचर टाकतात, स्टँडमध्ये प्रेक्षक कमी, हवा थंड, पेपरात दोन ओळी. सीझनभर ही घडी अशीच चालते. आणि मग हूवर येतं आणि घडी मोडते, कारण इथे मॅच मंगळवारीच सुरू होतात आणि जिंकत राहिलात तर रविवारपर्यंत रोज नाहीतर एक दिवसाआड खेळायचंय, आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, शुक्रवारी, नॅशनलचा पहिला टप्पा, जिथे दोनदा हरलात की सीझन संपला. तर मग कोचने आपला शुक्रवारचा हुकमी पिचर मंगळवारी वापरायचा का? वापरला तर किती पिच, म्हणजे बॉल, टाकू द्यायच्या? की त्याला हातच लावायचा नाही आणि बाकीच्यांना थोडं थोडं वाटून द्यायचं? कोण टाकणार विचारलं की कोच लोक हसून सांगतात, जॉनी होलस्टाफ. म्हणजे कोणी एक नाही, सगळा ताफाच, ज्याला सापडेल तो एकेक दोनदोन इनिंग.

यावर लोक चिडतात. तिकिटाला पैसे मोजलेत, पाच तास गाडी चालवून आलोय आणि यांनी राखीव माणसं उतरवली, कोचने मॅच सोडून दिली, असं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि यात माझ्या कामाचाही संबंध आहे म्हणून ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं बर्मिंगहॅममध्ये. इथे फिजिओचं काम करताना पिचरचं कोपर हा विषय टाळताच येत नाही, कारण खेळाडूंच्या हातांच्या बाबतीत हे शहर म्हणजे पंढरीच. डॉ. जेम्स अँड्र्यूज इथे ऑपरेशनं करायचे, २०२४ ला निवृत्त झाले, देशातले मोठमोठे पिचर खांदा नाहीतर कोपर घेऊन त्यांच्याकडे यायचे. स्वतः एलएसयूचे पोल व्हॉल्टर होते, एसईसीचे चॅम्पियनही होते, त्यामुळे पोरांना पुन्हा मैदानावर जायची घाई किती असते ते त्यांना वेगळं सांगावं लागत नसणार. १९८७ ला त्यांनी इथे अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट काढली, तिथे कॅमेरे आणि सेन्सर लावून पिचरच्या अंगाची मोजमापं घेतात. बॉल सोडताना खांदा आतल्या बाजूला फिरतो तो वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास जातो, माणसाच्या शरीराची याहून वेगवान हालचाल मोजलेली नाही म्हणतात. आणि हे सगळं पेलायला कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट, बोटाच्या पेराएवढं.

ते फाटलं की टॉमी जॉन सर्जरी. १९७४ ला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोबने टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली, मनगटातलं टेंडन काढून कोपरात लिगामेंटच्या जागी बसवलं, आणि तो बाबा त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट जरा आत वाकवा, मधोमध एक टेंडन ताठ वर येईल, तेच ते. काहींना ते जन्मतःच नसतं, मग मांडीचं घेतात. हल्ली फाटलेलं लिगामेंट शिवून त्याला आतून टेपचा आधार द्यायची पद्धतही आलीये, ती २०१३ मध्ये डॉ. जेफ्री डुगास यांनी इथे बर्मिंगहॅमलाच सुरू केली, त्यात परत यायला वेळ कमी लागतो. पण सगळ्यांच्या नशिबात ते नसतं. नेहमीच्या टॉमी जॉनला वर्ष तर जातंच, कधी दीड.

हे वर्ष माझ्यासमोर जातं. पेशंटची ओळख पटेल असं काही मी लिहिणार नाही, पण सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. सहा फूट दोन-तीन इंच उंचीचा विशीतला पोरगा, दारातून आत येताना येस मॅम, नो मॅम करत येतो, ब्रेसमध्ये हात, आणि कोपर सरळ होत नाही. गोनिओमीटर लावायचा, आज किती अंश, परवा किती होते. पाच अंश वाढले की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग हळूहळू पिळायचा बॉल, मग रबरबँड, मग कित्येक महिन्यांनी पहिला थ्रो, तोही ४५ फुटांवरून, अगदी हलका, घरात लहान भावाला टाकावा तसा. ज्याने ताशी ९५ मैलांनी टाकलेत त्याला हे ४५ फुटांवरचं टाकायला लावताना मला दर वेळी पोटात कालवतं. आणि त्याचा बाप काचेपलीकडे उभा असतो. त्यामुळे हूवरला एखादा कोच आपल्या एक नंबरच्या पिचरला कॅप घालून डगआऊटमध्ये बसवून ठेवतो, हातात फक्त पाण्याची बाटली, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देते.

हात वाचवायचं हे झालंच, पण मला ही स्पर्धा आवडते त्याचं अर्धं कारण बाकीच्यांमध्ये आहे. कारण एक नंबरचा बसला की माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, कोण येतो? मंगळवारचा पोरगा येतो. सीझनभर ज्याला कोणी पाहिलं नाही तो अचानक दहा हजार लोकांसमोर, टीव्हीवर, समोर जुलैत लाखो डॉलरला ड्राफ्ट होणारा, म्हणजे व्यावसायिक टीमने निवडलेला बॅटर, आणि मॅच बाद फेरीची. २०२५ पासून तर सगळीच स्पर्धा बाद पद्धतीची झाली, १६ च्या १६ टीम येतात, पहिल्या चार थेट क्वार्टर फायनलला, बाकीच्यांना एक हरलं की बस धरायची. आधी १२ टीम असायच्या आणि मधल्या फेऱ्यांत एका पराभवाची मुभा असायची. नवीन पद्धत मला जास्त आवडते, पिच कमी पडतात.

बाबा सांगलीहून आले होते त्या वर्षी त्यांना घेऊन गेले होते. बाबांनी आयुष्यभर जिल्हा लेव्हलच्या मॅचला अंपायरिंग केलंय, क्रिकेट सोडून दुसरा खेळ त्यांनी मनावर घेतलेला नव्हता, पण जॉर्डन इथे खेळला म्हटल्यावर तयार झाले. वाटेत गॅस स्टेशनवर उकडलेल्या शेंगा मिळतात इकडे, पेपर कपात, खारट पाण्यासकट, त्या बघून तर ते जे खुलले की पार्किंगमध्येच आम्ही दोघांनी त्या संपवल्या. आत गेलो, बुलपेनच्या, म्हणजे पिचर वॉर्मअप करतात त्या जागेच्या बाजूला बसलो. टीमची नावं लिहीत नाही, पोरगा अजून खेळतोय कुठेतरी.

डावखुरा, पहिल्या वर्षाचा, गालावर नीट दाढीही नाही. बुलपेनमध्ये वॉर्मअप करताना एकही बॉल कॅचरला सरळ मिळत नव्हता, एक तर मागच्या कुंपणाला जाऊन लागला. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई आणि एक गृहस्थ उभे, त्यांच्या अंगात त्याच नंबरचा शर्ट, म्हणजे आईवडीलच. पहिली पिच पडायच्या आधी आई उठून वर स्टँडमागच्या कॉन्कोर्सला निघून गेली. गृहस्थ बाबांना म्हणाले, ती अशीच करते, तिला बघवत नाही, पण आवाजावरून कळतं तिला सगळं. मग म्हणाले, घरी शेतावर गोठ्याच्या भिंतीला चौकट आखून दिली होती मी याला, सात वर्षांचा असताना. मी मराठीत सांगितलं तसं बाबांनी मान डोलावली.

पहिल्या बॅटरला चार बॉल बाहेर, वॉक, म्हणजे त्याला फुकट फर्स्ट बेस. दुसऱ्याने पहिलीच पिच उजवीकडे ठोकली, दोन रनर बेसवर, आउट एकही नाही. कॉलेजचे बॅट धातूचे असतात, चांगला लागला की टण्ण आवाज येतो आणि तो पूर्ण स्टेडियमला ऐकू जातो, वर उभ्या आईलाही गेला असणार. पिचिंग कोच चालत माउंडवर आला. काय बोलला माहीत नाही पण त्याने पोराच्या छातीवर ग्लोव्ह टेकवला, पोरगा हसला, आणि कोच परत गेला. हल्ली पिचरच्या मनगटावर छोटी स्क्रीन असते, कोच डगआऊटमधून बटण दाबतो, कुठली पिच टाकायची त्याचा आकडा येतो, वरती वीस सेकंदांचं घड्याळ पळत असतं. त्याने स्क्रीन बघितली, दोन वेळा बघितली, पाय घासला आणि चेंजअप टाकला, म्हणजे हात जोरात आणि बॉल हळू. बॅटर आधीच वळला होता, बॉल बॅटच्या टोकाला लागून शॉर्टस्टॉप या फील्डरकडे घरंगळत गेला, तिथून सेकंड बेस, तिथून फर्स्ट, दोन आउट. वडिलांनी ओरडायच्याऐवजी नुसता श्वास सोडला. पुढचा बॅटर स्ट्राइकआउट, तिसरा आउट, इनिंग संपली. पोरगा डगआऊटकडे धावत गेला तेव्हा तो शुक्रवारचा हुकमी पिचर पायऱ्यांवर सगळ्यात पुढे उभा होता, त्याच्या टाळीला.

तीन इनिंग टाकल्या त्याने. रन एकही नाही. चौथ्या इनिंगला कोच बाहेर आला आणि हात पुढे करून बॉल मागितला.

"अगं, एवढं छान टाकतोय की, काढला कशाला?" बाबा म्हणाले.

"पंचेचाळीसच्या वर झाल्या बाबा पिच. ठरलेलं असणार आधीच."

"लागलेला बॉलर काढायचा?"

"अजून दोन-तीन दिवसांनी लागेल तो परत."

बाबा गप्प झाले. मग बऱ्याच वेळाने, पुढचा पिचर वॉर्मअप करत असताना, म्हणाले की आमच्या वेळी मिरजेचा एक फास्ट बॉलर होता, एका एंडने सकाळपासून चहापर्यंत टाकायचा, कॅप्टन बॉल काढायचाच नाही त्याच्याकडून, सगळ्यांना कौतुक काय तर थकत नाही. "दोन सीझन टाकला. मग दिसलाच नाही कुठं." आणि त्यांनी उठून त्या पोरासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तोपर्यंत पोरगा डगआऊटमध्ये शिरलाही होता, तरी वाजवत होते.

हूवरला पाऊस हा वेगळाच विषय. मेच्या शेवटी अलाबामात दुपारी ढग फुगतात, चारपाच वाजता वीज कडाडते, आणि जवळपास वीज पडली की तिथपासून अर्धा तास खेळ बंद, परत पडली की परत पहिल्यापासून अर्धा तास. लोक कॉन्कोर्समध्ये दाटीवाटीने उभे राहतात, मैदानावर ताडपत्री ओढतात. प्रेक्षकांना ही नुसती कटकट वाटते पण पिचरसाठी अशा वेळी सगळं संपतं, कारण गरम झालेला हात तासभर थंड पडला की तो परत तापवून ९५ मैलांनी टाकणं म्हणजे दुखापतीला बोलावणं, त्यामुळे मोठा खंड पडला की आधीचा पिचर परत येत नाही, मग तो कितीही भारी टाकत असू दे. तिथे पुन्हा मागचे हात लागतात. आणि मॅच लांबतात. २०१९ ला एलएसयू आणि मिसिसिपी स्टेटची मॅच रात्री सुरू झाली ती १७ इनिंग चालली, मिसिसिपी स्टेटने ६-५ जिंकली तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. तेव्हाही लोक होते स्टेडियममध्ये, लहान पोरं खुर्च्यांवर झोपलेली. अशा मॅचमध्ये बाराव्या-तेराव्या इनिंगनंतर जे पिचर येतात त्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत शोधावी लागतात, आणि मला तेच बघायचं असतं.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला खरंच राग येतो. एसईसीला हात वाचवणं परवडतं कारण हरले तरी ते नॅशनलला जाणार आहेत. पण याच बर्मिंगहॅम शहरात आणखी एका कॉन्फरन्सचं ऑफिस आहे, साउथवेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्स, स्वॅक. ही सगळी ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजं, आपल्या माँटगोमेरीची अलाबामा स्टेट, हंट्सव्हिलजवळची अलाबामा ए अँड एम, बजेट एसईसीच्या पासंगालाही पुरणार नाही. त्यांच्याकडून नॅशनलला साधारण एकच टीम जाते, जी कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकेल ती. देशात अशा कितीतरी छोट्या कॉन्फरन्स आहेत. तिथल्या कोचपुढे उद्या नसतोच. सीझनभर पहिलं आलात आणि मेच्या त्या चार दिवसांत हरलात तर संपलं, आणि चौथ्या वर्षाच्या पोरांचं बेसबॉलच संपलं. मग गुरुवारी ११० पिच टाकलेला पोरगा रविवारी परत बॉल मागतो, आणि कोच देतो. पोरगा मागतोच, विसाव्या वर्षी कोण नाही म्हणेल? नाही म्हणायचं काम मोठ्या माणसांचं आहे.

आणि नियम काय म्हणतो? काहीच नाही. लिटल लीगच्या लहान पोरांना २००७ पासून पिचची मर्यादा आहे, शाळेच्या टीमना २०१७ पासून प्रत्येक राज्यात ठरवून द्यावी लागते, आणि कॉलेजला मात्र आकडाच नाही, सगळं कोचच्या शहाणपणावर. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने डॉक्टरांना बसवून २०१४ ला पिच स्मार्ट नावाचं कोष्टक काढलं, त्यात १९ ते २२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १२० पिच आणि १०५ च्या वर गेलं तर पाच दिवस विश्रांती असं स्पष्ट लिहिलंय. पण तो सल्ला आहे, नियम नाही. २००९ ला नॅशनलच्या पहिल्या टप्प्यात टेक्सस आणि बॉस्टन कॉलेजची मॅच २५ इनिंग चालली आणि टेक्ससच्या एका रिलीव्हरने, म्हणजे मधेच येणाऱ्या पिचरने, त्यात १३ इनिंग आणि १६९ पिच टाकल्या, आदल्या दिवशीही तो टाकून आला होता. लोक अजून ती कौतुकाने सांगतात. मला कौतुक त्या पोराचं आहेच, पण ती मॅच आठवली की माझा हात आपोआप स्वतःच्या कोपराकडे जातो. टी-ट्वेंटीमध्ये बॉलर कितीही भरात असला तरी चार ओव्हर झाल्या की बॉल द्यावाच लागतो, कॅप्टनला मोह व्हायचा प्रश्नच नाही, असं काहीतरी कॉलेजला हवंय, आणि सगळ्यात आधी या कॉन्फरन्सच्या स्पर्धांना हवंय, कारण कमी दिवसांत जास्त मॅच इथेच कोंबल्या जातात. एसईसीने पुढाकार घेतला तर बाकीचे येतील मागे. हूवरला १२० चा आकडा लावून बघा एक वर्ष, कोणाचं काय बिघडतंय?

उलट चाललंय ते दुसरीकडेच. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंना पैसे द्यायला मोकळीक मिळाली, ते चांगलंच झालं, आधी तर सगळ्या टीममध्ये मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्याच तुकडे करून वाटायच्या, म्हणजे पोरगा एसईसीत पिचर आणि घरी शिक्षणाचं कर्ज. पण त्याच तडजोडीत टीममधल्या खेळाडूंची संख्या ४० वरून ३४ वर आली. सहा जण गेले. ते सहा कोण असतील हे वेगळं सांगायला नको, शुक्रवारचा पिचर काही जाणार नाही. चौथा-पाचवा हात नसेल तर पावसात, सतराव्या इनिंगला, मंगळवारच्या सकाळी कोण टाकणार? जे आहेत तेच जास्त टाकणार. हे कोणीतरी आत्ताच बोललं पाहिजे असं मला वाटतं, कारण त्याचे परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोपर्यंत ते आमच्या टेबलवर येऊन पडलेले असतात.

अटलांटा अडीच तासांवर आहे, नॅशव्हिल तीन, तिकडच्या मराठी मंडळींना मी दर वर्षी सांगते की या एकदा. सगळे रविवारची फायनल विचारतात. फायनल बघाच, पण जमत असेल तर मंगळवारी सकाळची पहिली मॅच धरा, ऊन चढायच्या आत, तिकीटही स्वस्त, कुठेही बसता येतं. टोपी आणा, बुलपेनच्या कुंपणाजवळची जागा पकडा, पोरगा वॉर्मअप करताना त्याचा कॅचर काय बोलतो तेही ऐकू येतं तिथून. आणि कोच बॉल मागायला बाहेर आला की खाली मान घालून फोन बघत बसू नका, तो पोरगा डगआऊटमध्ये पोचायच्या आत टाळ्या वाजल्या पाहिजेत. माझी सुट्टी टाकून झालीये, मी तिथेच असेन.